'चषकाच्या नादात विगन बुडालं' म्हणणाऱ्या वाचकास

इंग्लंडमधल्या विगन ॲथलेटिक या फुटबॉल क्लबच्या 2012-13 च्या एफए कप (तिथली लीगपेक्षा वेगळी बाद पद्धतीची स्पर्धा) मोसमावरच्या माझ्या लेखाखाली 'जुना प्रेक्षक' या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. मूळ लेख न वाचलेल्यांसाठी ती इथे उतरवतो: "लेख म्हणजे नुसतं गुलाबपाणी. चषकाच्या नादात विगन बुडालं, हे लिहायची हिंमत लेखकसाहेबांना झाली नाही. आठ वर्षं प्रीमियर लीगमध्ये काढलेला क्लब 'छोटा' कसा? त्या वर्षीचा कप खरा गाजवला ल्यूटन आणि ओल्डहॅमने, त्यांच्या वाट्याला दोन ओळी. सामने न बघता हायलाइट्सवरून लिहिलं की असं होतं."

टीकेचं मला वावडं नाही. जुने वाचक हे जाणतात. पण 'हिंमत', 'लेखकसाहेब', 'हायलाइट्सवरून' ही कुठली भाषा? मतभेद आहे तर तो मांडा, त्याला फोडणी कशाला? लेखाचं शीर्षक भडक होतं एवढं मान्य करतो, ते थोडं सौम्य चाललं असतं. बाकी प्रतिक्रियेत उत्तर देण्याजोगं एकच वाक्य आहे, ते 'चषकाच्या नादात बुडालं' हे. हा समज फार जणांच्या डोक्यात घट्ट बसलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

11 मे 2013 रोजी कपच्या फायनलमध्ये वेम्बलीवर विगनने मँचेस्टर सिटीला 1-0 हरवलं आणि तीनच दिवसांनी लीगमध्ये आर्सेनलकडून 4-1 मार खाऊन ते खालच्या श्रेणीत गेले. एकाच मोसमात एफए कप जिंकून रेलिगेट झालेला हा पहिला क्लब. दोन गोष्टी इतक्या लागून घडल्या की लोकांनी त्यांची सांगड घालून टाकली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढंच.

जरा हिशोब बघू. लीगमध्ये 38 सामन्यांत विगनने 73 गोल खाल्ले. कपमध्ये, बोर्नमथविरुद्धचा रिप्ले (बरोबरीनंतर पुन्हा खेळलेला सामना) धरून, सात सामन्यांत फक्त दोन. म्हणजे सात सामने खेळल्यामुळे 38 सामन्यांतला बचाव कोसळला? वीस पराभव, 36 गुण, अठरावं स्थान, म्हणजे खाली जाणाऱ्या तिघांत. ही पडझड ऑगस्टपासून चालू होती. उलट आदल्या वर्षी शेवटच्या टप्प्यात मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल, लिव्हरपूल अशांना हरवून हाच संघ वाचला होता. प्रशिक्षक रॉबर्टो मार्टिनेझचं विगन दर वसंतात असंच वाचायचं, या खेपेला वाचलं नाही. आणि ज्या कपला आपण नाद म्हणता, त्याच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत मार्टिनेझ बऱ्याच राखीव खेळाडूंना उतरवत होता. नाद असा करतात?

आता 'हायलाइट्स'बद्दल. त्या मोसमात मी नोकरीनिमित्त मँचेस्टरमध्ये राहत होतो. फायनलच्या चार दिवस आधी, 7 मे रोजी, स्वान्सीविरुद्धच्या लीग सामन्याला मी विगनच्या डीडब्ल्यू स्टेडियममध्ये स्टँडमध्ये बसलो होतो. विगनने दोनदा आघाडी घेतली, दोनदा गमावली आणि 3-2 ने सामना घालवला. माझ्या आसपास वेम्बलीचं नाव कोणी काढत नव्हतं. पुढच्या रांगेतले आजोबा तर सबंध उत्तरार्धभर बचावफळीला शिव्या घालत होते, गोलकीपरलाही सोडलं नाही. रेल्वे स्टेशनकडे परतताना गर्दीत जे ऐकू येत होतं ते फक्त गुणतक्त्याचं गणित. आपण त्या रात्री कुठे होता, हे विचारणं असभ्य ठरेल, म्हणून विचारत नाही.

आपण मिडल्सबरो क्लबचं उदाहरण पुढे कराल, याची कल्पना आहे. 1997 मध्ये ते एफए कप आणि लीग कप अशा दोन्ही कपच्या फायनलला पोचले, दोन्ही हरले आणि खालीही गेले. पण ते खाली गेले ते ब्लॅकबर्नच्या सामन्याला हजरच राहिले नाहीत म्हणून कापलेल्या तीन गुणांमुळे. ते गुण असते तर वाचले असते. खापर फोडायला कपचं डोकं नेहमीच सोयीचं पडतं.

आणि समजा, घटकाभर धरून चालू की कपने विगनचं थोडं लक्ष विचलित केलं. मग काय त्यांनी उपांत्यपूर्व फेरीत एव्हर्टनच्या गुडिसन मैदानावर जाऊन त्यांच्यापुढे मान तुकवायची होती? त्या दिवशी तिथे विगनने चारेक मिनिटांत तीन गोल केले. विगनच्या बेन वॉटसनचा नोव्हेंबरमध्ये पाय मोडला होता. फायनलमध्ये 81 व्या मिनिटाला तो बदली म्हणून आला, थोड्याच वेळात सिटीच्या झाबालेटाला दुसरं पिवळं कार्ड मिळून सिटी दहावर आली, आणि इंज्युरी टाइममध्ये मलोनीच्या कॉर्नरवर वॉटसनचा हेडर जाळ्यात गेला. विगनचे तेव्हाचे मालक डेव्ह व्हीलन यांचा पाय 1960 च्या फायनलमध्ये ब्लॅकबर्नकडून खेळताना मोडला होता. तेव्हा बदली खेळाडूच नसायचे, त्यांचा संघ दहा जणांनिशी खेळून 3-0 हरला. त्या माणसाने 2013 मध्ये आपला संघ वेम्बलीच्या मैदानावर स्वतः नेला. हे लिहिणं आपल्याला गुलाबपाणी वाटत असेल तर माझा इलाज नाही.

राहिलेले मुद्दे. विगन 'छोटा' आहे की नाही यावर शब्दांचा कीस पाडायला मला सवड नाही. क्लब 1978 साली फुटबॉल लीगमध्ये आला, गाव मुळात रग्बी लीगचं, आणि समोर सिटीचा पैसा. वाचकाला कळतं. ल्यूटनने जानेवारीत नॉर्विचला त्यांच्या घरी हरवलं, ते 1989 च्या सटन युनायटेडनंतर सर्वोच्च श्रेणीतल्या संघाला हरवणारं नॉन-लीग (वरच्या चार श्रेणींबाहेरच्या) संघाचं पहिलं यश होतं. ओल्डहॅमने लिव्हरपूलला 3-2 ने घरी पाठवलं. दोन्ही थोर, मीही टाळ्या वाजवल्या. पण लेख विगनवर होता. ल्यूटनवरचा लेख आपण लिहा, मी आवर्जून वाचेन आणि प्रतिक्रिया देताना 'साहेब' म्हणणार नाही.

आता हे 'बुडालेले' लोक पुढच्या वर्षी काय करत होते, तेही सांगतो, कारण आपली प्रतिक्रिया मे 2013 मध्येच थांबते. दुसऱ्या श्रेणीतून खेळत ते मार्च 2014 मध्ये सिटीच्याच एतिहाद मैदानावर गेले आणि कपमध्ये सिटीला पुन्हा हरवलं, 2-1. उपांत्य सामन्यात आर्सेनलला पेनल्टी शूटआउटपर्यंत खेचलं, मग बाहेर पडले. तो आर्सेनल पुढे चषक जिंकला. यावरही आपलं काही म्हणणं असेल तर जरूर लिहा, फक्त या वेळी खरं नाव टाका.