आज्यांना ठाऊक नव्हतं म्हणे!

आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा आला. "अमेरिकेच्या कोर्टाची नक्कल करून आपण गर्भपाताचा कायदा आणला. आपल्या आज्यांना ही भानगड ठाऊकच नव्हती. आता बाईने मागितला की गर्भपात!" खाली हात जोडलेले अकरा इमोजी.

नकलेचा मुद्दा कॅलेंडर पाहूनच निकालात निघतो. आपला कायदा 1971चा, अंमल 1 एप्रिल 1972 पासून. अमेरिकेतल्या सुप्रीम कोर्टाचा गर्भपाताचा हक्क मान्य करणारा रो विरुद्ध वेड निकाल जानेवारी 1973चा. शिवाय ज्या समितीच्या अहवालावर आपला कायदा उभा आहे ती 1964 सालीच नेमली होती. अध्यक्ष शांतिलाल शहा, आपल्याच महाराष्ट्राचे मंत्री.

आता आज्या. 1884 साली मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांनी सक्तीच्या वैधव्यावर टिपण काढलं, तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्यावर आपलं मत लिहून दिलं. ते मिळवून वाचा. त्यात काशीबाई आहे, पुण्यात जोतीरावांच्या मित्राकडे स्वयंपाक करणारी तरुण ब्राह्मण विधवा. एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. गर्भ पाडायचे उपाय झाले, एकही लागू पडला नाही. मूल जन्मलं, ते तिने अब्रूच्या धाकाने मारून विहिरीत टाकलं. शिक्षा काळ्या पाण्याची, तिला. (शास्त्रीबुवांना नाही.) जोतीराव-सावित्रीबाईंनी 1863मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते अशाच बायकांसाठी. सुरतेच्या विजयालक्ष्मीवर अर्भकहत्येचा खटला झाला, तिच्यावर वर्तमानपत्रांनी तोंडसुख घेतलं, आणि 1882 साली ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून साऱ्यांना फैलावर घेतलं. आज्यांना ठाऊक होतं. बोलायची सोय नव्हती.

राहिलं "मागितला की". 1971चा मूळ मजकूर उघडा. अमुक परिस्थितीत नोंदणीकृत डॉक्टर गुन्हेगार ठरणार नाही, एवढंच तो म्हणतो. संरक्षण डॉक्टरला, आणि निर्णय त्याच्या मतावर: 12 आठवड्यांपर्यंत एकाच्या, पुढे 20पर्यंत दोघांच्या. विधेयकाच्या उद्देशपत्रात तर गर्भाशयाशी छेडछाड होऊन मरणपंथाला लागलेल्या बायकांचा उल्लेख आहे, आणि त्यांतल्या बहुतेक विवाहित असल्याचाही. 2021मध्ये काही बायकांसाठी मुदत 24 आठवडे झाली, तरी डॉक्टरचं मत लागतंच.

आणि गर्भपात हा गुन्हा ठरवणारं 1860च्या दंडसंहितेचं कलम 312? ते आता भारतीय न्याय संहितेत 88 झालंय. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही या कलमाखाली येते, हे त्याचं स्पष्टीकरण तिथेही तसंच छापलंय.