चोरावर मोर

‘निर्माते कथा ढापतात, मग आम्ही सिनेमा इंटरनेटवरून फुकट उतरवला तर बिघडलं कुठे?’ सिनेमाचोरीवरच्या एका लेखातला हा मुद्दा टाळ्या घेणारा आहे, पण लंगडा. एकाने दरोडा घातला म्हणून दुसऱ्याला खिसा कापायची मुभा मिळत नाही.

दुटप्पीपणा मात्र जुनाच. फ्रेंच दिग्दर्शक जॉर्ज मेलिएसचा चंद्रावरच्या सफरीचा मूकपट १९०२ साली आला आणि एडिसनच्या कंपनीसकट अनेकांनी त्याच्या चोरट्या प्रती अमेरिकेत खुशाल खपवल्या. हेच एडिसनसाहेब कॅमेऱ्याच्या पेटंटवरून इतरांना कोर्टात खेचत होते! १९०८मध्ये तर पेटंटवाल्यांची मोट बांधून त्यांनी अख्ख्या धंद्यावर पहारा बसवला.

आणि प्रत्येक साम्याला चोरी म्हणणाऱ्यांनीही जरा दमानं घ्यावं. कॉपीराइट कल्पनेला नसतो, मांडणीला असतो. दोन सिनेमांत हरवलेले भाऊ असले म्हणून काही होत नाही. प्रसंगांचा क्रम तोच, संवाद तेच, फक्त पात्रांची नावं बदललेली आणि श्रेयनामावलीत मूळ लेखकाचा पत्ता नाही, तेव्हा बोंब मारा की.

बाकी चोरीची प्रिंट बघून वर ‘आवाज नीट नाही’ म्हणून कुरकुरणाऱ्यांपुढे हात टेकले.