मामा, राजदूत आणि १९४२

गेल्या महिन्यात माझा मामा स्वातंत्र्यसैनिक झाला.

व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड आलं. ‘१९४२ च्या चळवळीत भूमिगतांचे निरोप पोचवणारा अनाम वीर. पुढे पाठवायला लाजू नका.’ खाली फोटो. डोक्याला टोपी, पायात कोल्हापुरी, मोटरसायकलच्या दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या, हँडलला झेंडूचा हार आणि किटल्यांनाही हार. आमचा मामा, कराडचा. त्याने उभ्या आयुष्यात दुधाशिवाय कुणाला काही पोचवलं नाही. त्याला फोन दाखवला तर म्हणाला, “मग पेन्शन कवा चालू हुनार?”

हसून झालं. मग राग आला, कारण तो फोटो मीच टाकला होता, चार वर्षांपूर्वी, खाली सगळी हकिकत लिहून. कुणीतरी हकिकत सोडली आणि फोटो तेवढा उचलला. मामाच्या बुडाखाली चक्क राजदूत मोटरसायकल आहे हे हजारो लोकांपैकी एकाच्याही डोळ्यांत आलं नाही. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून राजदूत बनवली ती साठच्या दशकात. बेचाळीसच्या क्रांतिकारकाला ती मिळायची म्हणजे काळाला दोन दशकं रिव्हर्स गियर टाकावा लागेल, आणि राजदूतला तो नसतो.

जुन्या मोटरसायकलींचे फोटो गोळा करायचा नाद मला बरीच वर्षं आहे. गाड्या घ्यायची ऐपत नाही, म्हणून फोटो. नातेवाईक, मिस्त्री, बंद पडलेले फोटो स्टुडिओ, जिथे मिळेल तिथे. या नादातल्या मंडळींशी माझं एका मुद्द्यावर कायम वाजतं, ते आज इथे लिहून टाकतो.

फोटोला मागची बाजू असते. ती स्कॅन करा.

मामाच्या फोटोमागे निळ्या शाईत लिहिलंय: ‘दसरा ७४. गाडी नवी. कर्ज बाकी.’ या एवढ्या शब्दांवर मी अख्खी राजदूत ओवाळून टाकीन. पुढून दिसतो हार आणि मिशीतलं हसू, मागून कळतो हप्ता. पण ऑनलाइन संग्रह करणाऱ्यांपैकी फारच थोडे लोक मागची बाजू घेतात. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणाच्या लग्नात काढला, सगळं गेलं. राहतं काय, तर ‘ओल्ड इज गोल्ड’ आणि तीन हृदयं.

आता कृपा करून एआयबद्दल ऐका. एका ॲपने माझ्या आजीचा जावा मोटरसायकलवर बसलेला फोटो ‘सुधारून’ दिला. कपाळावरचं कुंकू डाग समजून पुसलं. गळ्यातले काळे मणी गायब. नंबर प्लेटवर जगातल्या कुठल्याच लिपीत नसलेली अक्षरं. गाडी मात्र अशी चकचकीत की शोरूमवाल्याने हात जोडावेत. एका नातेवाईकाने त्याचीच फ्रेम करून भिंतीला लावली. मी जेवायला गेलो की त्या भिंतीकडे पाठ करून बसतो.

नंबर प्लेट हा आमच्या धंद्यातला जन्मदाखला. एमएच १२ म्हणजे पुणे, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर, ही पद्धत १ जुलै १९८९ पासूनची. त्याआधी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे. टाकीवरचं नावही बोलतं. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा निघाली, पुढे सत्तरच्या दशकात तीच येझडी झाली. १९९६ ला कारखान्याला कुलूप लागलं. म्हणजे टाकीवर ‘येझडी’ वाचता आलं तर फोटो सत्तरच्या अलीकडचा नक्की. पण ते वाचता यायला हवं ना. ॲपने घासून गुळगुळीत केलेल्या टाकीवर काय वाचणार?

एकदा तर एका बुलेटवरून दोन दिवस भांडण चाललं. जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायाला. फोटोत तो डावीकडे. एक म्हणे इंजिन बदललंय, दुसरा म्हणे ही खास मिलिटरीसाठी काढलेली. मग मागे बसलेल्या बाईंकडे माझं लक्ष गेलं. नऊवारी, आणि पदर उजव्या खांद्यावर! निगेटिव्ह उलटी ठेवून स्कॅन केली होती, बाकी काही नाही. मोटरसायकलतज्ज्ञ इंजिन बघत बसले, भानगड पदराने सोडवली.

अजून एक खुपतं. जत्रेतल्या फोटोवाल्याकडे पुठ्ठ्याची नाहीतर लाकडाची मोटरसायकल असायची, मागे ताजमहालाचा पडदा. त्यावर बसून काढलेले फोटो आमचे शहाणे लोक संग्रहात घेत नाहीत. का, तर ‘गाडी खरी नाही’. अरे, गाडी किती जणांकडे होती? अॅग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या रोलमध्ये बारा फोटो निघायचे, त्यातला एक डॉक्टरांच्या किंवा पाटलांच्या गाडीवर बसून काढायचा. खऱ्या गाडीवरचेही निम्मे स्वार उसनेच. माझ्याकडे पुठ्ठ्यावर बसलेले अकरा जण आहेत आणि ते माझ्या संग्रहाचे मानकरी आहेत.

करायचं फार थोडं आहे. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटतो. पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेला असेल तर काचेसकट. ६०० डीपीआय (इंचाला सहाशे ठिपके) ठेवा, जमलं तर टिफ फाइल (तिचा दर्जा घसरत नाही), आणि त्या फाइलला पुन्हा हात लावू नका. रंग, नक्षी, गाणं, काय करायचं ते कॉपीवर करा. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद करून मोबाइलवर. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जातो. आणि फेसबुक म्हणजे कपाट नव्हे (हे फेसबुकवरच लिहितोय, माहितीये). ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, त्याआधी २००९ ला जिओसिटीज ही फुकटात वेबसाइट थाटायची जागा. चालू होती तेव्हा बंद पडतील असं वाटलं होतं का? मूळ फाइल घरच्या डिस्कवर, एक प्रत दुसऱ्या गावी भावाबहिणीकडे.

आणि फोटो ज्या घरचा, त्या घराला विचारून टाका. कुणाच्यातरी आज्याच्या पोटावर स्वतःच्या पेजचं नाव आडवं छापणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. फोटो तुम्ही काढला नाही, गाडी तुमची नाही, आजाही तुमचा नाही.

मामाचा फोटो मी परवा पुन्हा टाकला, या वेळी पुढची आणि मागची बाजू एकाच चित्रात जोडून. आता उचलायचा तर कर्जासकट उचला. तरी पुतण्याने विचारलंच, “काका, कलर करू का?” म्हटलं, आधी गाडीचा रंग विचारून घे. मामा म्हणाला लाल. मामी आतून ओरडली, काळी. मामा म्हणे, गाडी माझी, मला ठाऊक. मामी पदराला हात पुसत बाहेर आली.

“हप्ते माझ्या म्हशींनी फेडले. काळी हुती.”