ऑस्टिओपॅथी ‘सगळ्या वयाला’ चालते? जरा थांबा

सोसायटीच्या आणि मॉर्निंग वॉकच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: ऑस्टिओपॅथीला, म्हणजे हाडं, सांधे आणि स्नायू हातानं दाबून-हलवून करायच्या उपचाराला, अमेरिकेत मान्यता आहे, सरकलेला मणका हातानं जागेवर बसतो, तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत कोणालाही चालते, धोका शून्य आणि गोळ्या बंद. पाठवणारे भले लोक आहेत, पण मेसेज अर्धाच खरा आहे.

‘अमेरिकेत मान्यता आहे.’ आहे ना. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये ही पद्धत मांडली आणि १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिलला तिचं पहिलं कॉलेज काढलं. पण तिथला आजचा डी.ओ., म्हणजे ऑस्टिओपॅथीची डिग्री घेतलेला, पूर्ण डॉक्टर असतो, औषधं लिहितो, ऑपरेशनही करतो. ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ फक्त हातानं उपचार करतात, तरी १९९३ च्या कायद्यानं त्यांना नोंदणी सक्तीची झाली. आपल्याकडे आयुर्वेद-होमिओपॅथीसारख्या पद्धतींच्या सरकारी ‘आयुष’ यादीतही ही पद्धत नाही. म्हणून नागपुरात धंतोली-रामदासपेठेत पाटी दिसली, की खालची डिग्री वाचा.

‘सरकलेला मणका बसतो.’ मणका म्हणजे कॅरमची सोंगटी नव्हे. स्नायूंनी आणि अस्थिबंधांनी तो घट्ट धरलेला असतो, आणि खरंच सरकला असेल तर हाताच्या झटक्यानं बसत नाही. तो ‘कट्’ आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा असतो. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बोटाच्या सांध्यात ही पोकळी एमआरआयवर टिपली. आवाज आला म्हणजे हाड बसलं, हे आपल्या हाडवैद्यांच्या काळापासूनचं समाधान.

‘मग माझी कंबर मोकळी कशी झाली?’ झाली असेल, मी नाकारत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत कंबरदुखीसाठी हाताच्या उपचाराला जागा आहे, पण व्यायामाच्या जोडीनंच. फ्रान्समध्ये ४०० रुग्णांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०२१ मध्ये आले. निम्म्यांना खरी ऑस्टिओपॅथी, निम्म्यांना नुसता हात लावल्याचं नाटक. तीन महिन्यांनी वेदनेत म्हणावा असा फरक नव्हता, हालचालीत होता तो अगदी किरकोळ. भरलेली कंबर बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआपच सुटते, आणि श्रेय शेवटी ज्यानं हात लावला त्याला जातं.

आता ‘कोणत्याही वयाला’. माझा खरा राग इथे आहे.

बाळ संध्याकाळी कळवळून रडतं, ते रडणं बहुधा तीन-चार महिन्यांत ओसरतं. डोक्याची हाडं हलक्या हातानं ‘जुळवून’ ते थांबतं, याला भरवशाचा पुरावा नाही. आजीची गोष्ट वेगळी. हाडं ठिसूळ झाली असतील तर जोराच्या दाबानं मणका मोडू शकतो. मानेला झटका दिल्यावर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन लकवा झाल्याच्या नोंदी आहेत. क्वचित आहेत, पण ‘शून्य’ नाहीत. पाठदुखीसोबत ताप, वजन घटणं किंवा रात्री वाढणारं दुखणं असेल, तर आपल्या देशात मणक्याचा टीबी आधी डोक्यात यायला हवा. लघवीवरचा ताबा सुटला किंवा पाय बधिर पडले, तर थेट हॉस्पिटल.

आणि पोरांचं काय? विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार कोणाला नवा नाही. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकतात. तान्ह्या बाळाचे हातापायांचे पंजे सुजतात. तरण्या पोरात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून तो लंगडायला लागतो. शरीरातलं पाणी कमी झालं की हा त्रास उसळतो, आणि आपला मे महिना कसा असतो ते सांगायला नको. अशा पोराला टेबलावर पालथं पाडून काय बसवणार, बाप्पा? त्याला पाणी, वेदनाशामक आणि डॉक्टर लागतो. वारंवार हातपाय दुखणाऱ्या मुलाची आधी नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलांत रक्ततपासणी करा: सिकलसेलची प्राथमिक सोल्युबिलिटी टेस्ट, ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी.

राहिलं ‘गोळ्या बंद’. सिकलसेलच्या ज्या मुलाला हायड्रॉक्सियुरिया सुरू आहे, त्याच्या आईच्या फोनवरही हा मेसेज पोचतो. ती गोळी रोज घेतली तरच दुखण्याचे झटके कमी होतात, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती थांबवायची नसते.