रात्री दहानंतरचं जंगल

गेल्या वर्षी पुतणीकडे अमेरिकेत ओरेगॉनला गेलो होतो. तिनं दोन रात्री तंबूत नेऊन ठेवलं, आणि तेही न्यूबेरी ज्वालामुखीच्या पोटात! वरती पॉलिना आणि ईस्ट अशी दोन तळी आहेत. पूर्वी ते एकच तळं होतं, नंतरच्या उद्रेकांनी मधे बांध घातला. पॉलिनाच्या काठावर एका ठिकाणी वाळूखडे उकरले की कोमट पाणी लागतं. हात घातला तेव्हा अंगावर काटा आला.

काळा दगड आम्हा बेळगावकरांना नवा नाही. आपल्या भागातला बेसाल्टही लाव्हाच, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. पण इथे तो जमिनीच्या भेगांतून पसरत गेला, म्हणून थरावर थर. तिकडे डोंगराच्या पोटातला रस निघून गेला, माथा खाली बसला, मोठी कढई झाली आणि त्यात पाणी साठलं.

पण मनात राहिली ती तिथली रात्र. प्रत्येक तंबूला ठरलेली जागा, शेकोटीला लोखंडी कडं, आणि रात्री 10 वाजले की सगळे गप्प. शेजारच्या तंबूत लहान पोरं होती, तीसुद्धा कुजबुजत होती. मला पाण्याचा आवाज ऐकू येत होता.

मग आपलं खानापूर आठवलं की जीव तुटतो. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादई इथल्याच डोंगरातून निघते. भीमगड 2011 साली अभयारण्य झालं. तिथल्या बारापेडे गुहांतलं रॉटनचं वटवाघूळ 1913 पासून शास्त्राला माहीत आहे, आणि कितीतरी वर्षं ते जगात फक्त इथेच सापडत होतं. एवढं धन उशाला, आणि आपण काय करतो? जांबोटीच्या बाजूला एका कॅम्पवर उतरलो होतो, पहाटे दोनपर्यंत डीजे. मालकाला विनवलं, तर म्हणाला, "गिऱ्हाईक मागतंय हो."

माझं स्पष्ट मत आहे, जंगलाला लागून तंबू लावायला परवानगी देताना स्पीकरबंदीची अट घालावी आणि रात्री कुणीतरी येऊन ती तपासावी. तंबूवाल्यांचा धंदा बुडणार नाही. शांततेसाठी पैसे मोजणारे आपल्यातही पुष्कळ आहेत, मी एक.

त्या दिवशी सकाळी खालच्या गवळीवाड्यावर दूध घ्यायला गेलो. म्हातारी म्हणाली, "रातभर म्हशी उभ्याच होत्या बघा, एक बसली न्हाई."