तिकीट काढलंय? मग सांभाळून जा

हा सल्ला फक्त तिकीट काढणाऱ्यांसाठी आहे. फुकट्यांना सल्ला लागत नाही. टीसी कोणत्या पुलावर उभा असतो, चहाला कधी जातो, फलाटाच्या टोकाची भिंत कुठे पडली आहे, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. त्यांच्या मोबाइलची बॅटरी संपली तरी बिघडत नाही, त्यांचं कार्ड यंत्राने वाचलं नाही असं कधी होत नाही, आणि त्यांचा सर्व्हर आजवर एकदाही डाऊन झालेला नाही. अडचण तुमची आहे, कारण तुम्ही पैसे भरून बसला आहात.

पहिला विषय मोबाइलवरचं तिकीट. मुंबईच्या लोकलसाठी यूटीएस अ‍ॅप २०१४ मध्ये आलं, २०२५ मध्ये रेलवन आलं. खिडकीच्या रांगेतून प्रवाशाची सुटका व्हावी हा हेतू, आणि तो सफल झाला आहे. आता तुम्ही रांगेत नसता. तुम्ही स्टेशनबाहेर भर रस्त्यात फोन आकाशाकडे धरून उलट्या पावलांनी चालत असता. कारण कागदाविना तिकीट हवं तर तुम्ही रुळांपासून ठरावीक अंतर लांब असलं पाहिजे. तुम्ही लांब आहात हे तुम्हाला दिसतं, शेजारच्या भाजीवाल्याला दिसतं, पण ठरवायचं उपग्रहाने. दादरला फुलबाजारात झेंडूच्या ढिगाला टेकून उभे असलात तरी उपग्रह म्हणतो, तुम्ही स्टेशनात आहात. वाद घालू नका. दहा पावलं मागे जा. तरी नाही जमलं तर अजून दहा जा. मागून बस येत असेल तर बाजूला व्हा, कारण तिकीट काढण्यापूर्वी झालेल्या अपघाताची भरपाई रेल्वेकडे मागता येणार नाही.

हा नियम उगाच नाही, हेही समजून घ्या. स्टेशनात तिकीट काढू दिलं तर लोक टीसी दिसल्यावरच काढतील, ही रेल्वेची भीती, आणि भीती खोटी नव्हती. आत आलेल्या प्रवाशांच्या सोयीसाठी रेल्वेने स्टेशनात क्यूआर कोड लावले, तर हुशार मंडळींनी त्यांचे फोटोच काढून ठेवले. टीसी दिसला की फोटो स्कॅन करायचा, तिकीट हजर. नियम ज्यांच्यासाठी केला त्यांनी बसल्या जागी तोड काढली. उलटं चालायचं काम तेवढं तुमच्याकडे राहिलं.

रुळांच्या कडेला राहणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. ज्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंबरनाथ फास्ट दिसते, त्यांना अ‍ॅप घरातल्या घरात फलाटावर उभं असल्याचं समजतं. अशांनी आधी रिक्षा करून लांब जावं, तिकीट काढावं आणि त्याच रिक्षाने परत यावं. फक्त फार रेंगाळू नका, कारण तिकीट काढल्यापासून तासाभरात प्रवास सुरू करायचा असतो. आणि विचार बदलला, गाड्या बंद पडल्या, घरी परत जावंसं वाटलं, तर कागदाविना काढलेलं तिकीट रद्द होत नाही, हे लक्षात ठेवून मगच विचार बदला. ज्यांना हे सगळं झेपत नाही त्यांच्यासाठी आणखी एक पर्याय आहे: मोबाइलवर तिकीट काढायचं आणि मग ते छापून घ्यायला स्टेशनातल्या यंत्राच्या रांगेत उभं राहायचं. रांगेतून सुटका करणाऱ्या सोयीचा लाभ रांगेत उभं राहून घेता येतो, ही किमया आपल्याकडेच.

त्या यंत्रांबद्दल दोन शब्द. एटीव्हीएम बसवली ती प्रवाशाने स्वतःचं तिकीट स्वतः काढावं म्हणून. पुढे ती चालवायला शेजारी माणूस नेमावा लागला, बहुतेकदा रेल्वेतूनच निवृत्त झालेला. तुम्ही स्टेशनाचं नाव उच्चारण्याआधी त्याची बोटं त्या पडद्यावर फिरलेली असतात. स्टेशनातलं सगळ्यात भरवशाचं यंत्र तोच आहे. त्याच्याशी गोड बोला, सुट्टे जवळ ठेवा. ज्यांना त्याआधीची सीव्हीएम कूपनं आठवतात, त्यांनी तर तक्रारच करू नये. त्या काळी कूपन यंत्रात घालून छाप उमटवायचा असे, आणि शाई इतकी फिकी की स्टेशन, तारीख आणि वेळ हे तिन्ही श्रद्धेने वाचावं लागे. टीसीकडे श्रद्धा नसे.

तर तिकीट निघालं. आता ते दाखवायचं.

स्क्रीनशॉट चालत नाही, तिकीट अ‍ॅप उघडून त्यातच दाखवावं लागतं. बॅटरी संपली तर तुम्ही विनातिकीट. पैसे बँकेतून गेलेले असोत, त्याचा मेसेज आलेला असो, रेल्वेच्या स्वतःच्या नोंदीत तुमचं तिकीट असो, तुमच्या हातातला पडदा काळा आहे ना? मग झालं. तेव्हा पॉवर बँक बाळगा आणि पॉवर बँकेची बॅटरी संपेल म्हणून दुसरी बाळगा. पावसाळ्यात याच्या जोडीला एक कोरडा पंचा असू द्या. जुलैच्या सरींत पुलावर उभं राहून ओल्या बोटाने ओला पडदा सरकवणं ही साधना आहे. तुम्ही तिकिटावर बोट ठेवता आणि फोन साडूला व्हिडिओ कॉल लावतो. टीसीसाहेब शांतपणे बघत असतात. त्यांनी असे बरेच साडू पाहिलेले असतात.

कागदी पासवाल्यांनीही हसू नये. पासावर ओळखपत्राचा क्रमांक लिहिलाय का, बघा. ओळखपत्र घरी राहिलंय का, तेही बघा. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरणारा माणूस रेल्वेचा सगळ्यात जुना, सगळ्यात बिनतक्रार ग्राहक. म्हणूनच तो तोच आहे याची खात्री पुनःपुन्हा करून घ्यावी लागते.

टीसी कोणाला अडवतो, हा अभ्यासाचा विषय आहे. माझं निरीक्षण असं की तो चेहरा वाचतो, पण उलटा. छाती काढून, कानात गाणी घालून, घोळक्यातून जाणारा सुखरूप पार होतो. खिशाकडे हात नेणारा, तिकीट आहे ना म्हणून स्वतःशीच चाचपून पाहणारा लगेच बाजूला घेतला जातो. म्हणून पुलावर चढताना तिकिटाचा विचारच मनात आणू नका. शक्य असेल तर तिकीट काढलंय हे विसरून जा. ‘साहेब, तुमचं ओळखपत्र बघू’ असं तुम्हीही म्हणू शकता. तोतये टीसी अधूनमधून पकडले जातात, त्यामुळे तुमचा प्रश्न गैर नाही. पण हा प्रश्न विचारायचा तर कामावर उशिरा पोहोचण्याची मनाची तयारी ठेवा.

फर्स्ट क्लासच्या पासवाल्यांची एक कायमची कुरकुर असते की गर्दीच्या वेळी टीसी फिरकत नाही, डबा सेकंड क्लासच्या पासवाल्यांनी भरलेला असतो. अहो, सकाळी नऊ-सव्वानऊला बोरिवलीहून निघालेल्या फर्स्ट क्लासात अंधेरीनंतर हवा शिरत नाही, टीसी कुठून शिरणार? तो दुपारी अडीचला येतो. तेव्हा डब्यात तुम्ही, एक पेंगणारे काका आणि पंखा असता. तिघांचीही तपासणी कसून होते. २०१७ च्या नाताळात पश्चिम रेल्वेवर देशातली पहिली एसी लोकल धावली, तिच्यातही हेच. महागाचा पास काढलेला दाराशी उभा, आणि बसलेल्यांपैकी कोणाकडे काय आहे ते विचारू नये. दार बंद होतं, तेवढाच काय तो आडोसा.

मेट्रोची गोष्ट वेगळी. लोकलला फाटक नाही, म्हणून तिथे माणूस तुमच्यावर संशय घेतो. मेट्रोला फाटक आहे, तिथे संशयाचं काम यंत्राकडे दिलेलं आहे आणि ते चहाला जात नाही. या फाटकासमोर कसं वागावं ते नीट वाचा. कार्ड टेकवायची जागा उजव्या हाताला असते. डावखुरे असाल तर तुम्ही डावीकडे कार्ड टेकवाल, शेजारचं फाटक उघडेल, आणि शेजारचा गृहस्थ ‘थँक यू’ही न म्हणता तुमच्या पैशात निघून जाईल. तुमचं फाटक मात्र तुमच्याकडे लाल फुली दाखवत बघत राहील. कार्ड पाकिटासकट टेकवू नका. पाकिटातली तीन कार्डं एकदम बोलायला लागली की फाटक कोणाचंच ऐकत नाही. आणि एकदा टेकवून हिरवा बाण दिसला नाही म्हणून घाईने पुन्हा टेकवू नका. काय सांगावं, पहिल्यांदाच नोंद झाली असेल. मग फाटकाच्या लेखी तुम्ही आधीच आत गेलेले असता आणि प्रत्यक्षात बाहेर उभे. जो मनुष्य आत आहे त्याला पुन्हा आत घेता येत नाही. आत नसलेल्याला बाहेर सोडता येत नाही, हा याचाच पुढचा भाग, आणि तो उतरायच्या स्टेशनात खेळला जातो. मागे रांग साचते. रांगेतले लोक तुमच्याकडे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेपुढे दंड परवडला.

कार्डाचा मुद्दा जरा सविस्तर घ्यायला हवा, कारण इथे भल्याभल्यांची विकेट पडते. ४ मार्च २०१९ रोजी अहमदाबादेत ‘एक देश, एक कार्ड’ची घोषणा झाली. मेट्रो, बस, पार्किंग, टोल, सगळीकडे एकच. तुमच्या बँकेच्या डेबिट कार्डातही ही सोय असू शकते. तुम्हाला वाटतं, खात्यात पगार जमा आहे, म्हणजे कार्डात पैसे आहेत. इथेच चुकलात. फाटकापाशी लागणारे पैसे कार्डाच्या चिपमध्ये वेगळे ठेवलेले असतात, फार तर दोन हजार. खात्यात लाख असले तरी चिपमध्ये शून्य असू शकतं. बरं, तुम्ही घरून मोबाइलवर टॉप-अप केलं, पैसे खात्यातून गेले. ते कार्डात आले का? नाही आले. ते वाटेत आहेत. स्टेशनातल्या यंत्राला कार्ड टेकवून ते चिपमध्ये उतरवून घ्यायचे असतात. ते यंत्र तुम्ही उतरता त्या फाटकाच्या पलीकडे असेल, तर दोष तुमच्या नियोजनाचा. कार्ड हरवलं तर चिपमधले पैसेही बहुतेक गेलेच म्हणून समजा, नोट पडल्यासारखे. डिजिटल व्यवहारांनी नोटेची बाकी कोणतीच सोय घेतली नाही, हरवायची तेवढी घेतली.

देश एक, कार्ड एक, पण मुंबईकराच्या खिशात चार निघतात, कारण एक बँकेने दिलंय, एक बसच्या नावाने घेतलंय, एक मेट्रोच्या खिडकीवर आग्रहाने गळ्यात मारलंय आणि एक कशाचं ते आठवत नाही. जानेवारी २०२३ मध्ये ‘मुंबई वन’ कार्ड आलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ अ‍ॅप आलं, अकरा सेवांची तिकिटं एका जागी देणारं. कार्ड वेगळं, अ‍ॅप वेगळं. खिडकीवर ‘मुंबई वन चालतं का’ असं विचारू नका. तुम्ही कशाबद्दल बोलताय हे आतल्या माणसालाही कळणार नाही, आणि मागची रांग तोवर तुमचं कुळ काढेल.

भुयारी मेट्रोने जाणाऱ्यांनी तिकीट वरच काढून घ्यावं. आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हापासून खाली मोबाइलला नेटवर्क नाही ही तक्रार गाजत राहिली, आणि तिकीट काढता यावं म्हणून स्थानकांत वाय-फाय द्यावं लागलं. मोबाइलवरच्या तिकिटाला उत्तेजन देणारी आणि मोबाइल चालू न देणारी, अशा दोन्ही व्यवस्था एकाच जिन्याने खाली उतरल्या. वरच क्यूआर काढून ठेवला असेल तर काचेवर चरे पडलेला फोन नेऊ नका, उजेड पूर्ण वाढवा, आणि फाटकाला दाखवताना हात स्थिर ठेवा. रागाने थरथरला तर ते वाचत नाही.

बेस्टबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण तिथे अजून कंडक्टर भेटण्याची शक्यता आहे. सुट्ट्यांचा जुना प्रश्न बेस्टने मे २०२५ मध्ये धडाडीने सोडवला: पाच रुपयांचं किमान भाडं दहा केलं. आता पाचाचं नाणं शोधायला नको. एसी बसला मात्र सहाचे बारा झाले. पूर्वी वरचा एक रुपया लागे, आता दोन लागतात. एवढी प्रगती चालवून घ्या.

एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. त्यासाठी वय सिद्ध करावं लागतं. आजींच्या तोंडात दात नाहीत, पाठीचा कणा धनुष्य झालाय, आणि पंच्याहत्तरीचे सुपुत्र शेजारी बसलेत, तरी ‘आजी, आधार दाखवा’. आजी पिशवीतून औषधांची चिठ्ठी काढतात, रेशनकार्ड काढतात, पांडुरंगाचा फोटो काढतात. दात नसल्याचं प्रमाणपत्र एखाद्या दाताच्या डॉक्टरकडून आधीच आणून ठेवलेलं बरं. ज्येष्ठांच्या स्मार्ट कार्डाला जितक्या मुदतवाढी मिळाल्या, तितक्या आयुष्याला मिळोत, एवढीच सदिच्छा.

आता शेवटी, एवढं सगळं पाळूनही तुम्ही पकडले जाल तेव्हाचं. फोन बंद पडलेला असेल, पास दुसऱ्या पँटच्या खिशात असेल. घाबरू नका. रेल्वे कायदा, कलम १३८: जितकं भाडं तितकाच दंड, पण किमान २५० रुपये, शिवाय भाडं वेगळं. म्हणजे पाच रुपयांच्या प्रवासाला २५५. ‘माझ्याकडे पास आहे हो, घरी आहे’ असं सांगून बघा, पण टीसीसाहेबांना ते पाठ आहे, पुढचं वाक्यही पाठ आहे. रोख नसेल तर हरकत नाही, साहेबांकडे दंड भरायला क्यूआर आहे. तुमचा फोन मेलेला असेल तर शेजारच्या कोणाचा घ्या आणि एकदाच स्कॅन करून बघा. जीपीएस विचारणार नाही, रुळांपासून लांब जायला सांगणार नाही, टॉप-अप वाटेत अडकलंय म्हणणार नाही. पहिल्या झटक्यात पैसे जातात. पावती मात्र मागून घ्या आणि बाहेर पडेपर्यंत हातातच धरा, कारण पुलाच्या दुसऱ्या टोकाला टीसी मॅडम उभ्या असतात.