जुनी पुस्तकं नकोत, वर्गणी भरा

फेसबुकवर दर काही महिन्यांनी कुणीतरी एखाद्या बंद पडलेल्या वाचनालयाचा फोटो टाकतं. गंजलेलं कुलूप, अर्धी अक्षरं उडालेली पाटी. खाली कॉमेंटांचा पाऊस. "काय दिवस होते ते!" "मे महिन्यात रोज एक पुस्तक फस्त करायचो, ग्रंथपाल ओरडायचे." "आजच्या पिढीला मोबाइलमधून डोकं वर काढायला वेळ कुठाय!" आणि त्यात एक कॉमेंट हमखास असतेच: "आमच्याकडे बरीच जुनी पुस्तकं पडून आहेत, एखाद्या वाचनालयाला द्यायची आहेत, कुणाला संपर्क करू?" तिला सगळ्यात जास्त बदाम.

माझं मत सांगून टाकते, राग आला तर येऊ दे. देऊ नका. निदान आधी देऊ नका. आधी त्या वाचनालयाचे सभासद व्हा, वर्गणी भरा, वर्षभर पुस्तकं न्या-आणा आणि मग तुमची पुस्तकं तिथे कुणाला हवी आहेत का ते तुमचं तुम्हालाच कळेल.

मी आमच्या गावच्या वाचनालयाची साधी सभासद. कार्यकारिणीत नाही, व्हायचंही नाही. पण देवघेवीच्या वेळेला काउंटरपाशी रेंगाळायची सवय आहे, त्यामुळे बरंच काही दिसतं. मागे एकदा एक गृहस्थ आले. गाडी दारातच चालू ठेवलेली. जुना वाडा बिल्डरला दिला होता, वडिलांचं कपाट रिकामं करायचं होतं. ड्रायव्हरने पोती आणून टाकली आणि हे म्हणाले, "पावती नको, फोटो तेवढा काढू एक." फोटो झाला. ते गेल्यावर ताईंनी, म्हणजे आमच्या ग्रंथपालांनी, पोती सोडली. पाणी लागून एकमेकांना चिकटलेले दिवाळी अंक. २००६-०७ चं आयकर मार्गदर्शक. मुलीची बारावीची गाइडं, आत उत्तरांवर पिवळं हायलायटर. विंडोज ९८ शिका. एका चार खंडी कादंबरीचा फक्त तिसरा खंड. खाली तळाला मात्र दोन जुनी, छान बांधणीची प्रवासवर्णनं निघाली, ती ताईंनी पदराने पुसून वेगळी ठेवली. बाकीच्याचं काय करायचं, विचारलं तर म्हणाल्या, "रद्दीत घातलं आणि कुणी पाहिलं तर उद्या पेपरात फोटो येईल माझा." म्हणून ती पोती जिन्याखाली गेली. तिथे आधीची पोती होतीच.

लोकांना वाटतं, पुस्तक दिलं की ते फळीवर उभं राहिलं. तसं नसतं. प्रत्येक पुस्तकाची दाखल नोंदवहीत नोंद करायची, त्याला दाखलअंक द्यायचा, विषयाप्रमाणे वर्गांक ठरवायचा, शिक्का मारायचा, कण्यावर चिठ्ठी डकवायची, मागे तारखेचा कागद चिकटवायचा, संगणक असेल तर त्यात पुन्हा सगळं भरायचं. आणि एकदा दाखलअंक पडला की ते काढून टाकणंही सोपं नाही. यादी करा, सभेत ठराव करा, मग निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून कमी करणं. म्हणजे तुम्ही हौसेने दिलेलं विंडोज ९८ एकदा फळीवर चढलं की उतरता उतरत नाही. तेवढ्या जागेत एक नवं पुस्तक बसलं असतं.

आणि हे सगळं करणारी बाई किती पगारावर करते? इथे थोडा हिशेब मांडते, कारण कॉमेंटांच्या पावसात तो कुणीच मांडत नाही. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं सरकारी नाहीत. ती संस्था आहेत, गावातल्या लोकांनी काढलेल्या, विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार सरकार त्यांना मान्यता देतं, अ, ब, क, ड असे वर्ग ठरवतं आणि वर्गाप्रमाणे अनुदान देतं. २०२२ मध्ये बऱ्याच वर्षांनी अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं, त्याच्या बातम्या आल्या, पेढेही वाटले गेले असतील. त्या वाढीनंतर ड वर्गाचं, म्हणजे बहुतेक खेड्यांतल्या वाचनालयांचं, अनुदान झालं वर्षाला ४८,००० रुपये. आधी ३०,००० होतं. यातलं साधारण निम्मं वेतनाला धरा. चोवीस हजार भागिले बारा. महिना दोन हजार. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, जागेचं भाडं असेल तर भाडं, आणि झाडू.

आता दुसरी बाजू बघा. आमच्याकडे महिन्याची वर्गणी साठ रुपये आहे. गावातल्या शंभर माणसांनी सभासदत्व घेतलं तर वर्षाचे ७२,००० होतात. ड वर्गाच्या अख्ख्या अनुदानापेक्षा जास्त. आमच्या गावात साठ रुपयांची मिसळ एका वेळेला दोन खाणारी माणसं शंभरापेक्षा कितीतरी जास्त आहेत, हे मी शपथेवर सांगू शकते.

यावर लगेच एक मुद्दा येतो, माझा न्यू जर्सीचा मामेभाऊ तो दर फोनवर मांडतो: "आमच्याकडे लायब्ररी फुकट असते, हवी तेवढी पुस्तकं, वर सिनेमे." फुकट नसते रे बाबा. तू घरावरचा जो कर भरतोस त्यातून ती चालते. अमेरिकेपर्यंत कशाला जा, चेन्नईच्या अण्णा शताब्दी ग्रंथालयाचे फोटो फिरतात ना, नऊ मजली, झगझगीत, "आपल्याकडे असं का नाही" या मथळ्याखाली? तामिळनाडूत मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आहे. तिथला कायदा १९४८ चा, तेव्हाच्या मद्रास प्रांताचा. कर्नाटकातही उपकर आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात तो नाही. तो असावा असं माझं मत आहे आणि मी ते भांडून मांडेन, पण उपकर लावा म्हणणाऱ्या पोस्टला बदाम देणारी किती माणसं घरपट्टीची पावती बघून खूश होतील याबद्दल मला शंका आहे. तोवर आपल्याकडे जे आहे ते वर्गणीवर आहे.

आणि ते आजचं नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, अहमदनगरचं (आताच्या अहिल्यानगरचं) १८३८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. साहेबाच्या अमदानीत, बरेचदा साहेबाच्याच पुढाकाराने सुरू झाली, पण टिकली ती गावातल्या माणसांनी पैसे घातले म्हणून. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ मध्ये निघालं, तेव्हा छापून आलेलं मराठी पुस्तक जपून ठेवायला हवं असं चार लोकांना वाटलं, एवढंच त्यांचं भांडवल. सयाजीराव गायकवाडांचं उदाहरण तर मला फार आवडतं. १९१० मध्ये त्यांनी बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून बडोदा संस्थानात गावोगाव वाचनालयांचं जाळं उभं केलं. पैशाला तोटा नसलेला राजा. पण गावाला वाचनालय हवं असेल तर खर्चाचा एक वाटा गावाने गोळा करायचा, मगच दरबार आणि स्थानिक मंडळ तेवढेच वाटे घालणार, असा रिवाज होता. महाराजांना आपल्या लोकांची नस बरोबर ठाऊक होती. फुकटच्या वस्तूकडे आपण फिरकत नाही.

(गोव्याच्या मंडळींनी वाईट वाटून घेऊ नये. पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चं आणि सरकारी, पणजीतल्याच पाटो भागात आता त्याची देखणी इमारत आहे. तुमचं वेगळं आहे. तुम्ही नुसतं जा.)

सभासद व्हायला काय लागतं, हे मला इनबॉक्समध्ये विचारलं जातं, म्हणून सांगते. एक अर्ज, एक फोटो, आधारची झेरॉक्स. काही ठिकाणी जुन्या सभासदाची ओळख म्हणून सही. अनामत रक्कम, जी सोडताना परत मिळते, पावती सांभाळा. प्रवेश फी किरकोळ. झालं. एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक, किंवा जास्त वर्गणीला दोन पुस्तकं. दिवाळीनंतर अंकांची वेगळी योजना असते, एकदा पैसे भरायचे आणि पुढचे काही महिने अंक बदलून न्यायचे. निम्मी माणसं केवळ या योजनेपुरती सभासद होतात आणि मला त्यांच्याबद्दल काहीही तक्रार नाही.

खरी गंमत त्यानंतर सुरू होते, आणि इथे आपण सभासद फार कच्चे पडतो. आपण काउंटरला जाऊन "काहीतरी चांगलं द्या" म्हणतो. समोरची ताई दिवसभर हेच ऐकत असते, ती जवळच्या फळीवरचं देते. मग आपण घरी येऊन म्हणतो, वाचनालयात काही नवीन नसतं. अहो, मागा की! जवळपास प्रत्येक वाचनालयात मागणीची वही असते. आमच्याकडची मी उघडली तेव्हा आधीची शेवटची नोंद कुणीतरी "पंखा दुरुस्त करावा" अशी केली होती. मी त्याखाली पुस्तकांची नावं लिहायला लागले. लेखक, प्रकाशक, शक्यतो किंमतसुद्धा. खरेदीची वेळ येते तेव्हा पुस्तक निवडणाऱ्यांपुढे दोनच गोष्टी असतात, विक्रेत्याने पाठवलेली यादी आणि ही वही. वही कोरी असेल तर विक्रेत्याची यादी पास होते, मग फळीवर व्यक्तिमत्त्व विकास, यशाची सूत्रं आणि श्रीमंत कसे व्हाल यांची रांग लागते. मी लिहिलेल्यांपैकी बरीच पुस्तकं आली. सगळी नाही. मुलांसाठी चित्रांची पुस्तकं मागितली होती, ती "फाटतात" म्हणून नाकारली. फाटतात म्हणजे वाचली जातात, असं मी पुढच्या पानावर लिहून ठेवलंय, अजून उत्तर आलेलं नाही.

संदर्भ विभागाकडे तर कुणी ढुंकून बघत नाही. तिथली पुस्तकं घरी मिळत नाहीत, तिथेच बसून बघायची, म्हणून लोकांना वाटतं ती आपली नाहीत. जिल्ह्याचं गॅझेटियर काढा, आपल्या तालुक्याचं पान उघडा. कोणत्या पेठेत कशाचा बाजार भरायचा, नदीला पूर कधी आला, कुठल्या देवळाला कुणी इनाम दिलं. जुन्या मासिकांचे बांधीव खंड असतील तर त्यातल्या नुसत्या जाहिराती बघत बसा, दुपार निघून जाते. गॅझेटियर आता इंटरनेटवरही सापडतं, पण जुन्या मासिकांचं बरंचसं तिथे नाही.

अभ्यासिकेबद्दल बोलायलाच हवं, कारण ज्येष्ठ सभासदांचा त्यावर फार राग. "वाचनालय राहिलं कुठे, एमपीएससीवाल्यांची खोली झालीय." खरं आहे, मुलं सकाळी येतात, स्वतःची पुस्तकं, स्वतःचा चार्जर, पाण्याची बाटली, रात्री जातात, वाचनालयाच्या पुस्तकाला हात लावत नाहीत. पण त्यांच्या फीवर आमच्या वाचनालयाचं वीजबिल भरलं जातं. दोन भावंडं एका खोलीत राहत असलेल्या घरातल्या मुलीला शांत बसायला, कुणी न हटकता बसायला, गावात दुसरी जागा दाखवा मला. देऊळ? बस स्टँड? संगणकात नोंदी करायचं काम अडलं होतं ते त्यातल्याच दोघांनी बसून पार पाडलं. रागावणारे काका त्या वेळी वर्तमानपत्राच्या टेबलावर शब्दकोडं सोडवत होते, तेही पेनाने.

शेवटचं सांगायचं ते सभेचं. संस्था आहे म्हणजे सभासदाला हक्क आहे. संस्थेच्या घटनेत असेल त्या वर्गाच्या सभासदाला मत आहे, आधी ते तपासून घ्या, बऱ्याच ठिकाणी आजीव आणि ठरावीक वर्षं वर्गणी भरलेल्या सभासदांनाच असतं. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची निवडणूक नगरपालिकेसारखी गाजते, पॅनेल पडतात, प्रचार होतो. लोक त्याला नावं ठेवतात, मला मात्र हेवा वाटतो. आमच्याकडे निवडणूक बिनविरोध, कारण अर्जच तेवढे येतात. तीच सात-आठ मंडळी, सगळी सत्तरीच्या पुढची, प्रामाणिक, दमलेली. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत खाली छापलेलं असतं: गणपूर्ती न झाल्यास सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. ही ओळ इतकी गृहीत धरलेली आहे की सगळे अर्धा तास उशिराच येतात.

या वर्षी वेळेवर जा. अहवालात "ग्रंथखरेदी" असा रकाना असतो, तो आकडा बघा आणि उभं राहून विचारा की यातली किती पुस्तकं मागणीच्या वहीतली होती. अध्यक्ष चष्मा काढतील, चिटणीस ताईंकडे बघतील, ताई हसू दाबतील. घाबरायचं काही नाही. नंतर चहा आणि बटाटेवडा असतो, आणि माणसं कमी असल्यामुळे दुसरा वडाही मिळतो.